मिठापेक्षा सौम्य

२६ नोव्हेंबर

आज इयांच्या टपरीवर दगड आला. एकच आला, तोही नेम चुकून बाटल्यांच्या खालच्या रांगेला लागला. पण दगड तो दगडच. कॉलेजातून येताना मिरच्या घ्यायला म्हणून बाजारात वळले आणि बघते तर टपरीपुढे ही गर्दी.

सासूला मी इया म्हणते, म्हणजे आई. सगळा बाजारच म्हणतो. आमच्या इलेशा गावच्या मोटार-अड्ड्यावरचे निम्मे ड्रायव्हर सकाळी त्यांचा काढा पोटात गेल्याशिवाय गाडीला किल्ली लावत नाहीत. साली, मुळ्या, पानं, सगळं मडक्यात उकळलेलं, आणि चव अशी की कानशिलं तापतात. तापाला तोच काढा, कंबरेला तोच, डोळे पिवळे झाले तरी तोच. त्याच गिऱ्हाइकांपैकी एक ड्रायव्हर, राऊफू, गेल्या आठवड्यात वारला. डोळे पिवळेजर्द झाले होते, पोट फुगलं होतं म्हणे. अड्ड्यावर कुणीतरी बोललं की म्हातारीच्या काढ्यानंच मेला, आणि आज दगड आला.

इया हलल्या नाहीत. विकणारीनं आधी स्वतः घोट घ्यायचा, मग गिऱ्हाइकाला द्यायचं, असा इथला रिवाज आहे. त्या बाटलीच्या झाकणात थेंबभर ओततात, पितात, तोंड वाकडं करतात आणि मग पेला पुढे करतात. आजही त्यांनी झाकण भरलं. पण गर्दीतून कुणी ओरडलं, "झाकणानं काय होतंय म्हातारे! पेला पी, पेला!"

तेवढ्यात माझा शाळामास्तर नवरा, अकिन, आला. शाळा सुटल्यावर तो आईला बाटल्या उचलायला मदत करतो. खडूचे हात तसेच. त्यानं मोठा पेला काठोकाठ भरला, उभ्यानं घटाघट प्यायला, आणि पेला उलटा करून दाखवला. "बघा रे! मेलो का? उद्या सकाळी या, परत पिईन. संध्याकाळी या, परत पिईन. तुमची तोंडं बंद होईपर्यंत पिईन!"

लोक हसले. हसले म्हणजे वाचलो. बायकोला नवऱ्याचा अभिमान वाटावा असा प्रसंग होता आणि मला वाटलाही. पण घरी आल्यावर अमाला, आमचं कंदाच्या पिठाचं रोजचं जेवण, ताटात तसंच ठेवून उठले. विषशास्त्र शिकवणारी बाई मी. समजा खरंच त्या काढ्यात काही असलं तर? हे घरात कुणापुढे बोलता येत नाही. म्हणून ही वही उघडली.

२८ नोव्हेंबर

बाजाराच्या मुखिया, इयालोजा, स्वतः घरी आल्या. मी रीतीप्रमाणे गुडघे टेकले, तर म्हणाल्या, "ऊठ, तुझ्याकडेच काम आहे. तू कॉलेजात विषं मोजतेस ना? मग हे मोज. नाताळाच्या आत कागद आण. नाहीतर टपरी बंद. मला बाजारात आणखी दगड नकोत."

इया कोपऱ्यातून फणकारल्या, "चाळीस वर्षं काढा विकतेय. आता उंदीर ठरवणार मी बरी की वाईट!"

आज फादाइरो सरांची परवानगी घेतली. विभागप्रमुख असून माणूस मिश्कील आहे. म्हणाले, "मोरेनिके, सासूचा काढा विषारी निघाला तर आनंद होईल की दुःख, ते आधी ठरव." मी हसले. 

१ डिसेंबर

काढा आटवून कोरडा केला. त्या वासानं सगळा व्हरांडा रिकामा झाला. खाली तपकिरी चिकट पूड उरली, तीच उंदरांना तोलून पाजायची. अर्धे उंदीर मरतील ती मात्रा किती, एक किलो वजनाला किती मिलिग्रॅम, हा आमच्या धंद्याचा गज. याच गजानं आम्ही जगातल्या सगळ्या विषांना एका रांगेत उभं करतो. आकडा लहान तितकं विष जहाल. पाच हजारालाही उंदीर जगला, तर आम्ही हात जोडतो आणि लिहितो, 'व्यवहारतः बिनविषारी'.

अकिन सकाळ-संध्याकाळ टपरीवर पेला रिकामा करतोय. शाळेची पोरं टाळ्या वाजवतात.

३ डिसेंबर

उपाशी ठेवलेल्या उंदरांना आज पहिल्या फेरीची मात्रा दिली. कोण कुठला ते कळावं म्हणून पाठीवर नेहमीच्या पिवळ्या रंगाच्या खुणा केल्या: शेपटीजवळ, कमरेवर, मानेवर. मग बसून राहिले. असे शेकडो उंदीर मी पाहिलेत, मेलेलेही पाहिलेत आणि डबा उघडून जेवलेही आहे. आज डबा पिशवीतच राहिला. एक उंदीर कान खाजवायला थांबला तरी उठून पिंजऱ्यापाशी जायचे.

कुणी मेलं नाही.

४ डिसेंबर

आज मोठी मात्रा. पाच हजारवाला उंदीर पाजल्यानंतर एका अंगावर कलंडला. मी खुर्चीतून उठले. देवाशप्पथ, मनात आलं की पिंजरा झाकून ठेवावा आणि दुसरा उंदीर घ्यावा. इतकी वर्षं विद्यार्थ्यांना ज्यासाठी झापलं तेच माझ्या मनात आलं! मग तो उठला, थोडा डगमगला, आणि पुढच्या दोन्ही पायांनी तोंड धुवायला लागला. मी रडले. उंदरासाठी रडणारी मी या इमारतीतली पहिलीच असेन.

५ डिसेंबर

सकाळी सगळे जिवंत. जीव भांड्यात पडला! पाच हजारावर. फादाइरो सरांनी सही केली. कागदावर शिक्का बसला तेव्हा शिपायालाही मिठी मारावीशी वाटली.

रात्री जेवताना मी जरा पंडिताई केली. म्हटलं, "इया, तुम्हाला सांगते, याच मापानं मीठ तीन हजाराला मारतं. तुमचा काढा पाच हजारालाही मारत नाही. म्हणजे मीठ जास्त विषारी!"

इयांचा घास हातातच राहिला. "काय म्हणालीस? परत म्हण."

"तुमचा काढा मिठापेक्षा सौम्य आहे."

त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. मग अकिनला म्हणाल्या, "बघ, तुझी बायको कामाची निघाली. मला वाटलं होतं नुसती इंग्रजी बोलते."

७ डिसेंबर

आज राऊफूची बायको विभागात आली होती. सिदिकातू. तिशीचीही नसेल. नवरा गेल्यावर चार महिने बायका घराबाहेर पडत नाहीत त्यांच्यात, तरी आली. डोक्यावरची ओढणी दातांत धरून दारातच उभी राहिली.

"मॅडम, तुम्ही मोजलंत म्हणे. काय निघालं?"

मी खुर्ची दिली, कोल्ड्रिंकची बाटली मागवली. तिला हळूच समजावलं की काढ्यानं नाही गेले तुमचे मालक. वजन विचारलं. ती म्हणाली, "मला काय माहीत, धिप्पाड होता." मी हिशेब करून दाखवला: एवढ्या माणसाला मारायचं तर पिंपभर काढा एका बैठकीत प्यावा लागेल.

तिनं कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एका बैठकीत कशाला पिईल तो? रोज प्यायचा. सकाळी निघताना, संध्याकाळी आल्यावर. डोळे पिवळे झाल्यावर तर जास्तच."

"रोज पिऊनही त्या पिंपाच्या जवळपास जात नाही, सिदिकातू."

"बरं," ती म्हणाली. बाटली न उघडताच ठेवून गेली.

दुःखात माणसाला कुणीतरी दोषी लागतो. मला तिची कीव आली. दिवसभर मात्र कुणीतरी मागे उभं असल्यासारखं वाटत राहिलं. का कोण जाणे.

११ डिसेंबर

कागद जाड प्लास्टिकमध्ये घालून टपरीच्या कपाळावर लागला. इयांना वाचता येत नाही, पण पाच हजाराचा आकडा कुठे आहे ते बरोबर बोट ठेवून दाखवतात. नवी आरोळीही काढली आहे: "मिठापेक्षा सौम्य! सूनबाईंनी मोजलेला! घाबरट असशील तर घरी जाऊन मीठ चाट!" दोन मडकी वाढवावी लागली.

मी अकिनला म्हटलं, आता पुरे की तुझा तमाशा. तो म्हणाला, "लोक तो बघायला येतात, निके. आता थांबलो तर म्हणतील, कागद आला आणि पोरानं पिणं सोडलं, म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे." बरोबरच आहे त्याचं.

हरमाटानचा कोरडा वारा सुरू झालाय. धुळीनं सूर्यसुद्धा मळकट दिसतो. अकिन संध्याकाळी घरी येतो तो सरळ आडवा होतो. अंगाला खाज सुटते म्हणतो. या वाऱ्यात कुणाची कातडी शाबूत राहते? शिया बटर चोळून दिलं.

१४ डिसेंबर

एका विद्यार्थ्याला पिंजरे हवे होते, म्हणून माझे उंदीर मागच्या खोलीत हलवले. नियमानं दोन आठवडे बघत राहायचं असतं. पण दुसऱ्या दिवशीचे जिवंत मोजायचे आणि पुढचं वाक्य आधीच लिहून टाकायचं, हे आमच्याकडे सगळेच करतात. मीही केलं. 'चौदा दिवसांत कोणतीही विपरीत लक्षणे आढळली नाहीत.' शिक्का बसला तेव्हा चौदा दिवस व्हायचेच होते.

हलवताना एकदा आत डोकावले. अंग फुगवून कोपऱ्यात बसले होते. गारठा आहे. खुणेचा पिवळा रंगही पसरलाय त्यांच्यात. एकमेकांना चाटतात, मग कानांपर्यंत जातो.

१७ डिसेंबर

अकिननं अमाला परत पाठवलं. लग्नापासून पहिल्यांदाच. म्हणाला, वासच नको वाटतो.

मी घाबरले. घाबरायचं काही कारण नाही, तरी घाबरले. शाळेच्या परीक्षा, वर रोजचा बाजार, माणूस थकणारच. अड्ड्यावर कुणी त्याच्यावर करणी केली असं शेजारीण कुजबुजली. करणीवर माझा विश्वास नाही. आज तिनं दोनदा सांगितलं तेव्हा मात्र मी गप्प ऐकून घेतलं.

२० डिसेंबर

डोळे पिवळे झालेत. धूळ नाही. मी खिडकीत नेऊन, पापणी ओढून पाहिलं.

औषधाच्या दुकानातला म्हणाला, मलेरिया. त्याच्याकडे पाय मोडून गेलं तरी मलेरियाच निघतो. गोळ्या दिल्या. मी म्हटलं मोठ्या इस्पितळात जाऊ. अकिन म्हणाला, "सण होऊ दे. आता गेलो तर अड्ड्यावर काय म्हणतील, ठाऊक आहे ना? राऊफूसारखा झाला म्हणतील. आईची टपरी जाळतील."

इया आल्या, त्याच्या हनुवटीला धरून डोळे पाहिले आणि माझ्यापेक्षा आधी बोलल्या. "हा पिवळ्या डोळ्यांचा ताप. माझा काढा आहे कशाला मग? आता दोनाऐवजी तीन मोठे कप दे. सकाळी, दुपारी, संध्याकाळी."

"इया, थोडं थांबू या का?"

"का ग इयावो, सूनबाई? तूच ना म्हणालीस, मिठापेक्षा सौम्य?"



२१ डिसेंबर

मन लागेना म्हणून पुन्हा हिशेब केला. अकिनचं वजन, एका कपातली पूड, उंदरांचा आकडा. परत परत केला. कुठल्याही बाजूनं धरलं तरी तो मारक मात्रेच्या आसपासही नाही. जवळही नाही. आकड्यानं आधार दिला. अशा वेळी शिक्षण उपयोगी पडतं.

दुपारचा कप मीच भरून दिला. कडू म्हणून तोंड फिरवलं त्यानं, तेव्हा मी नाक धरून पाजला, लहान मुलाला पाजतात तसा. तो हसला. म्हणाला, "उंदरांनाही असंच पाजतेस का?"

२५ डिसेंबर

सगळीकडे गाणी चाललीत. अकिन उठला नाही.

२६ डिसेंबर

इस्पितळात आहोत. लघवी कोलासारखी झाली, उलट्या थांबेनात आणि सकाळी त्यानं मला आईच्या नावानं हाक मारली. मग मी कुणाचं ऐकलं नाही. शेजाऱ्याची गाडी काढली.

डॉक्टरीण तरुण आहे, झोप न झालेली. विचारलं, "काही औषधं घेतात?"

"नाही. मलेरियाच्या गोळ्या. बाकी काही नाही."

"काही म्हणजे काहीच नाही?"

"काढा," मी म्हटलं. "पण तो तपासलेला आहे. मी स्वतः तपासलाय. मारक मात्रा पाच हजाराच्या वर आहे."

तिचं पेन थांबलं. "मॅडम, मी मारक मात्रा नाही विचारली. किती दिवस घेतायत?"

मला टपरीपुढे हसणारी गर्दी दिसत होती. उलटा धरलेला पेला दिसत होता. रोज, मी म्हणाले. रोज, डॉक्टर. महिनाभर.

यकृत गेलंय, किती ते रक्त तपासून कळेल, असं ती म्हणाली. मी हे विद्यार्थ्यांना शिकवते! एकदाच ढीगभर दिलं तर काय होतं, हा एक प्रश्न. रोज थोडं थोडं दिलं तर काय होतं, हा वेगळा. दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याचं उत्तर चालत नाही. दरवर्षी फळ्यावर लिहिते. खाली रेघसुद्धा मारते.

२७ डिसेंबर

तासाभरासाठी कॉलेजात गेले. सुट्टी आहे, कुणी नव्हतं. मागच्या खोलीचं कुलूप काढलं.

मोठ्या मात्रेचे तिन्ही उंदीर मेले होते. केव्हा मेले कोण जाणे. मधल्या मात्रेतले दोन अजून जिवंत होते, पाठ वाकवून, डोळे मिटून. एकाला तळहातावर घेतलं. कान पिवळे. पायाचे तळवे पिवळे. खुणेचा रंग मी याच्या शेपटीजवळ लावला होता, आणि तो तिथेच होता, जरासुद्धा पसरला नव्हता.

मी उंदराला म्हणाले, "तू सांगत होतास रे." वेड लागल्यासारखं मोठ्यानं म्हणाले.

डॉक्टरिणीला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत." आणि कागदावर लिहायला लागली. झापलं असतं तर बरं वाटलं असतं.

२८ डिसेंबर

आज जे झालं ते लिहून ठेवते.

दुपारी इया आल्या. मी दोन दिवस त्यांना टाळत होते. लुगड्याच्या ओच्यात काहीतरी लपवलं होतं, चालण्यावरूनच कळलं. अकिन ग्लानीत होता. त्यांनी पडदा ओढला, थर्मास काढला आणि झाकणात ओतायला लागल्या. वास आला तशी मी उठले.

"इया, नको."

"हळू बोल. नर्स येईल. इथले लोक नुसतं पाणी चढवतात त्याला. पाण्यानं कधी पिवळे डोळे उतरलेत?"

"इया, ठेवा ते खाली."

"तुला माझा भरवसा नाही? हे बघ." आणि रिवाजाप्रमाणे झाकण तोंडाला लावलं.

मी ते त्यांच्या हातातून हिसकावून घेतलं. सुनेनं सासूच्या हातातून असं काही घेतलेलं मी जन्मात पाहिलं नाही. काढा दोघींच्या अंगावर सांडला. त्यांचे डोळे मोठे झाले. मारतील असं वाटलं.

"झाकणानं कुणी मरत नाही, इया," मी म्हणाले. "कपानंही मरत नाही. एका कपानं काय होतं तेवढंच मी मोजलं. माझे उंदीर मेलेत, इया. नंतर मेले. कान पिवळे होऊन मेले. मी बघितलंच नाही."

 इयांनी अगदी बाजारात भाव विचारावा तसं विचारलं, "मग किती कपांनी?"

"माहीत नाही."

"तू शिकलेली. अंदाजे सांग."

"खरंच माहीत नाही. ते मी मोजलं नाही."

त्या पलंगाची कड धरून खाली जमिनीवर बसल्या. मी उठवायला गेले तर हात झटकला. ओल्या लुगड्यावरून हात फिरवत राहिल्या, मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "राऊफू ईदपासून प्यायचा. रोज. एक दिवस चुकवायचा नाही. डोळे पिवळे झाले तेव्हा मीच म्हटलं, दुप्पट घे. चांगलं गिऱ्हाईक म्हणून पैसेसुद्धा कमी लावायचे मी."

थर्मासचं झाकण त्यांनी घट्ट फिरवून बंद केलं. दोनदा बघितलं, बंद आहे ना.

"याला सांगू नकोस," त्या अकिनकडे बोट करून म्हणाल्या. "माझ्यासाठी प्यायला तो."

३० डिसेंबर

अकिन थोडा वेळ शुद्धीवर आला. ओठ ओले केले. मला जवळ बोलावून म्हणाला, "निके, काढ्यानंच झालं ना?"

मी होकारानं मान हलवली.

"आईला कळू देऊ नकोस. ती मोडेल."

मी हो म्हटलं. मग बाहेर जाऊन, नळ सोडून, खूप रडले.

डॉक्टरीण आशा आहे असं म्हणत नाही, नाही असंही म्हणत नाही. आणखी काही दिवस, एवढंच म्हणते. पलीकडच्या पलंगावरचा म्हातारा खोकला तरी मी दचकून अकिनकडे बघते. त्याचा श्वास मोजत बसते. मोजणं काही सुटत नाही.

२ जानेवारी

इयालोजांना जाऊन सगळं सांगितलं. फादाइरो सरांनाही. सर प्रथमच विनोद विसरले. म्हणाले, "सही माझीही आहे." कागद रद्द झाला आहे असं लिहून दिलं. टपरीवरचा कागद काढायला गेले तर खिळे आधीच उपटलेले. मडकी पालथी घातलेली. इयांनी पहाटेच येऊन केलं म्हणाले लोक, आणि गिऱ्हाईक येईल त्याला एकच सांगत होत्या: "पिऊ नको. प्यायला असशील तर डोळे दाखव." काहींनी शिव्या दिल्या. दगड कुणी मारला नाही. मारले असते तरी त्या हलल्या नसत्या.

अकिननं आज दोन चमचे ओगी, मक्याची पेज, खाल्ली. पोटात राहिली.

संध्याकाळी मी सिदिकातूकडे निघाले होते. इया दारातच उभ्या होत्या, डोक्याला साधं फडकं बांधून. म्हणाल्या, "मीही येते. तू एकटीनं का जायचं? कागद तुझा होता, काढा माझा."

वाटभर मला वाटत होतं ती दार लावून घेईल. लावून घ्यावं असंही वाटत होतं.

तिनं लावलं नाही. चटई टाकली. मी गुडघ्यावर बसून बोलायला सुरुवात केली आणि इयांनी मला थांबवलं. चाळीस वर्षं बाजारात ओरडलेला आवाज, पण शब्द जेमतेम ऐकू आले. "तुझं खरं होतं, पोरी. माझ्या हातानं गेला तो. माझाही आता तसाच पडलाय."

सिदिकातू आत गेली. भांड्याचा आवाज आला. मला वाटलं काहीतरी फेकून मारेल. ती पाणी घेऊन आली. पाहुण्याला द्यायचं म्हणून आमच्या रिवाजाप्रमाणे आधी स्वतः एक घोट प्यायली, आमच्या डोळ्यांदेखत, आणि मग पेला इयांच्या पुढे धरला.

इयांनी तो दोन्ही हातांनी घेतला. प्यायल्या नाहीत. आम्ही निघेपर्यंत तो तसाच हातात होता.